आजींची बाटली आणि नातीच्या पापण्या

नमस्कार श्रोतेहो. पापण्यांचे केस लांब आणि दाट करणारं एक औषध आहे, बिमॅटोप्रॉस्ट. मुळात ते काचबिंदूचं औषध. पुन्हा सांगते, काचबिंदूचं. डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी अमेरिकेत २००१ साली त्याला मान्यता मिळाली. पापण्यांसाठीची मान्यता आली ती २००८च्या डिसेंबरात. मधल्या काळात काय झालं, ते माझ्याकडे येणाऱ्या एका आजींमुळे सोपं करून सांगता येईल.

आजींच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू, डावा डोळा चांगला. रोज रात्री उजव्या डोळ्यात एक थेंब. काही महिन्यांनी सोबत नात आली, कॉलेजात शिकणारी. आल्या आल्या म्हणाली, “डॉक्टर, आजीच्या एकाच डोळ्याला मस्कारा लावल्यासारखं का दिसतंय?” मी टॉर्च धरली. खरंच, उजव्या पापणीचे केस डावीपेक्षा लांब, काळेभोर, वर वळलेले. आजी हसून म्हणाल्या, “देवानं या वयात सजवायला घेतलं, पण एकाच बाजूनं!”

मी दोघींना समजावलं, हा थेंबांचाच परिणाम. याच जातीचं दुसरं औषध, लॅटॅनोप्रॉस्ट, एकाच डोळ्यात घालणाऱ्या रुग्णांमध्ये अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ मरे जॉनस्टन यांनी १९९७ साली हेच नोंदवलं होतं. एका डोळ्यात औषध, दुसऱ्यात नाही, म्हणून फरक लगेच नजरेत भरला. नात मन लावून ऐकत होती.

पुढच्या तपासणीला आजींच्या डोळ्याचा दाब चढलेला. मी विचारलं, थेंब चुकतात का? आजी म्हणाल्या, “हल्ली बाटलीच लवकर संपते बाई. मुलाकडे सारखे पैसे कुठे मागायचे? एक तारखेपर्यंत थांबते.” इथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाईचं औषध वाणसामानाच्या यादीत सगळ्यात शेवटी येतं. मुलांनो, आईला मागायला लावू नका. तिची बाटली संपायच्या आत आणून ठेवा.

तर नात मान खाली घालून बसली होती. मान वर केली तेव्हा दिसलं, दोन्ही पापण्यांचे केस दाट झालेले, आणि कडेची कातडी काळसर पडलेली. आजींच्याही लक्षात आलं. म्हणाल्या, “अगं, मागितली असतीस तर दिली असती.” नात रडायला लागली. “तू दिली असतीस, म्हणूनच नाही मागितली.” दाब वेळेवर कळला म्हणून निभावलं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, श्रोतेहो. गेलेली नजर परत येत नाही.

आता औषधाविषयी थोडं. केसांच्या वाढीचा काळ ते लांबवतं. रोज रात्री चेहरा धुऊन, कॉन्टॅक्ट लेन्स काढून, फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी लावायचं. खालच्या पापणीला नाही. दर वेळी नवा निर्जंतुक ब्रश घ्यायचा आणि ओघळलेलं टिपून टाकायचं, नाहीतर गालावर नको तिथे केस उगवतात. साधारण आठ आठवड्यांनी फरक दिसू लागतो, पूर्ण परिणाम सोळा आठवड्यांनी. मान्यतेआधीच्या चाचणीत २७८ जण होते. औषध लावणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांच्या पापण्या सुधारल्या, नुसतं द्रावण लावणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांच्या. थांबवलं की पापण्या हळूहळू पूर्ववत होतात.

डोळे लाल होतात, खाजतात. कातडीचा काळेपणा बहुधा जातो. पण बुबुळाचा रंग गडद झाला, तर तो तसाच राहण्याची शक्यता असते. काहींचे डोळे खोल गेल्यासारखे दिसू लागतात. म्हणून चिठ्ठीशिवाय नाही. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि कुठेही डोळ्याचा दाब मोजायला गेलात, तर हे लावताय हे सांगा. आकडा कमी दिसू शकतो.

एरंडेलाने पापण्या वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. डोळ्यात तर ते घालूच नका, मधही नको.

केमोथेरपीत पापण्या गळालेल्या बायका माझ्याकडे येतात. बहुतेकींच्या आपोआप परत येतात, पण काहींच्या विरळ. अशा रुग्णांवरही या औषधाचा अभ्यास झाला आहे आणि फायदा दिसला आहे. त्या विचारतात तेव्हा आवाज खाली आणतात, नटण्याचा हट्ट करतोय असं त्यांना वाटतं. बायांनो, मोकळेपणाने विचारा. पापण्या धूळ अडवतात, घाम अडवतात, आणि आरशात आपला चेहरा आपल्याला ओळखीचा वाटावा हीसुद्धा रास्त गरज आहे. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना आणि नेत्रतज्ज्ञांना, दोघांनाही विचारा. नमस्कार.