योगवर्गाच्या बाईंना एक आंतरदेशीय पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिना आला की शाळांच्या पाठोपाठ योगासनांचे नवे वर्गही सुरू होतात, आणि 2015 पासून 21 जूनला आंतरराष्ट्रीय योग दिवस साजरा होऊ लागल्यानंतर तर मंगल कार्यालये, देवळांचे सभामंडप आणि सोसायट्यांच्या गच्च्या या दिवसांत पहाटेपासून गजबजलेल्या दिसतात. आपल्यापैकी काहींनी यंदा नाव नोंदवायचे ठरवले असेल. त्यांच्यासाठी आज मी बोलणार आहे, आणि माझे सारे बोलणे एकाच गोष्टीभोवती फिरणार असल्याने ती आधीच सांगून टाकते: पहिले आसन करण्यापूर्वी आपले दुखणे शिक्षकांना सांगा. ते जुने असो, किरकोळ वाटणारे असो, चारचौघांत उच्चारायला संकोच वाटावा असे असो, ते सांगा.

पोट रिकामे हवे, कपडे सैल हवेत, पायांत काही नको, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे, त्यामुळे तेथे मी रेंगाळत नाही. पूर्ण जेवणानंतर चार तास आणि नाश्त्यानंतर दोन तास जाऊ द्यावेत आणि शौचाला जाऊन मगच वर्गाला निघावे, एवढे पुरे. बैठकीबद्दल मात्र थोडे बोलल्याशिवाय राहवत नाही. नवी मंडळी आधी दुकान गाठतात आणि महागडी चटई घेऊन येतात. गुळगुळीत फरशीवर उभ्याने करावयाच्या आसनांत पाय घसरू नयेत म्हणून रबरी चटईचा उपयोग होतो, हे खरे. परंतु बसून आणि निजून करावयाच्या आसनांना घरची दुहेरी सतरंजी आणि तिच्यावर एक सुती चादर पुरते, आणि मला तीच अधिक प्रिय आहे, कारण ती धुता येते, उन्हात वाळवता येते आणि तिला आपल्या घराचा वास असतो. तसाच माझा एक आग्रह उच्चाराचा आहे. आपण ‘योग’ म्हणावे, ‘योगा’ म्हणू नये. तो शेवटचा आकार रोमन लिपीतून आपल्याकडे परत आला आहे आणि आपल्या भाषेला त्याची गरज नाही.

आता अण्णांची गोष्ट सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सारी नोकरी टपाल खात्यात, पत्रांच्या सॉर्टिंगच्या कामात गेली आणि निवृत्तीनंतर ते साताऱ्यात स्थायिक झाले. 2009 साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी घराजवळच्या देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या योगवर्गात नाव घातले. वर्ग घेणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका होत्या, शांत आणि अतिशय नेटक्या. पहिल्या दिवशी त्यांनी तीस जणांसमोर विचारले, “कुणाला काही त्रास असेल तर सांगा.” एका काकूंनी गुडघे सांगितले, एका गृहस्थांनी रक्तदाब सांगितला. अण्णा गप्प राहिले. रक्तदाबाची गोळी तेही घेत होते, पण त्यांच्या मनात तेव्हा दुसरेच काही होते. त्यांच्या उजव्या जांघेत दीड वर्षापासून एक गाठ होती. उभे राहिल्यावर ती वर येई आणि निजल्यावर आत जाई. हर्निया होता तो, ज्याला आपल्याकडची जुनी माणसे अंतर्गळ म्हणतात. त्यांनी तो आईलाही सांगितला नव्हता, मग पुढच्याच रांगेत शेजारपाजारच्या बायका बसलेल्या असताना, एका बाईंना, भर सभामंडपात, ते तो कसा सांगणार होते?

तो काळ असा होता की सकाळी घरोघरी टीव्हीवर प्राणायाम चालत असे आणि कपालभाती म्हणजे सर्व रोगांवरचा उतारा अशी पुष्कळांची समजूत झाली होती. बाईंनी तिसऱ्या आठवड्यात कपालभाती शिकवायला घेतली. ज्यांनी त्रास सांगितला होता त्या दोघांना त्यांनी बाजूला बसवून नुसता श्वास पाहायला सांगितले. अण्णांना कोणताच त्रास नाही असे वहीत लिहिलेले असल्यामुळे अण्णा सर्वांबरोबर पोटाचे झटके देत राहिले आणि घरी येऊन, अंगी लागावे म्हणून, संध्याकाळीही देत राहिले. त्या शुक्रवारी वर्गाहून परत आल्यावर ते उंबऱ्याशी चपला काढायला वाकले आणि गाठ बाहेर आली ती आत जाईना. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया करून जाळी बसवावी लागली. मी पुण्याहून पोहोचले तेव्हा आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजीइतकेच दुःख या गोष्टीचे होते की बेचाळीस वर्षांच्या संसारात ही गाठ तिला ठाऊक नव्हती.

सर्जनांनी आम्हाला समजावून सांगितले की गाठ आधीच होती, ती पुढे केव्हातरी अडकलीच असती. पोटाच्या झटक्यांनी ती वेळ जवळ आणली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कपालभातीत श्वास सोडताना पोटाचे स्नायू जोराने आत खेचले जातात आणि श्वास आपोआप आत येतो, म्हणजे प्रत्येक झटक्याला पोटाच्या पोकळीतील दाब चढतो आणि उतरतो. पोटाची भिंत जेथे दुबळी आहे तेथे हा दाब आतडे बाहेर ढकलतो. योगक्रियांनी शरीराच्या आतले दाब बदलतात, हे स्वामी कुवलयानंदांनी शंभर वर्षांपूर्वी यंत्रांनी मोजून आणि क्ष-किरणांनी पाहून दाखवले होते, आणि त्याच कामासाठी त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली. ज्या क्रियेने शरीराच्या आत एवढा फरक पडतो ती चुकीच्या शरीरात अपाय करणार, हे ओघानेच आले. हठप्रदीपिका या योगावरील जुन्या ग्रंथात तर प्राणायामाविषयी स्पष्ट बजावले आहे की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही, म्हणजे श्वासही, हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो.

सर्जनांनी चार महिन्यांनी अण्णांना परवानगी दिली. ते पुन्हा वर्गाला जाणार म्हटल्यावर आईने विरोध केला, मीही केला. अण्णा म्हणाले, “चूक आसनांची नव्हती, माझ्या गप्प बसण्याची होती.” आणि मग त्यांनी जे केले ते केवळ टपाल खात्यात आयुष्य घालवलेला माणूसच करू शकतो. त्यांनी एक आंतरदेशीय पत्र आणले आणि बाईंना पत्र लिहिले. बाईंचे घर आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होते, तरीही त्यांनी ते पत्र व्यवस्थित चिकटवले, पिन कोड घातला आणि टपालपेटीत टाकले.

त्या पत्रात त्यांनी आपले शरीर वर्गवारी करून मांडले होते. उजव्या जांघेत हर्नियाची शस्त्रक्रिया, जाळी बसवलेली, तारीख अमुक. रक्तदाबाची गोळी, सकाळी एक, नऊ वर्षांपासून. दोन्ही डोळ्यांत काचबिंदूचे थेंब, रात्री. डावा खांदा टपालाच्या थैल्या उचलून आखडलेला, हात कानापर्यंत जात नाही. जे तीस माणसांसमोर तोंडातून निघाले नव्हते ते निळ्या कागदावर सरळ ओळींत उतरले होते. माझे मत आहे की काही गोष्टी माणूस पत्रातच नीट सांगू शकतो, आणि आपण पत्रे लिहिणे सोडले तेव्हा सांगण्याची ही एक सोयही सोडली.

चौथ्या दिवशी बाईंचे उत्तर आले, तेही आंतरदेशीय पत्रानेच. ते पत्र आजही माझ्याजवळ आहे. नव्याने वर्गाला जाणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडावे असे त्यात इतके आहे की मी ते सावकाश सांगते.

हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून कपालभाती, भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा जोराने श्वास घेणे-सोडणे, आणि पोटावर ताण आणणारी नौकासन व धनुरासन ही आसने कायमची वर्ज्य. त्याऐवजी श्वास न रोखता संथ अनुलोम-विलोम, म्हणजे एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडणे. रक्तदाब आहे, म्हणून कुंभक नाही, म्हणजे श्वास कोंडून धरणे नाही. आणि गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, वर्गाने कितीही बरे वाटू लागले तरीही. काचबिंदू आहे, म्हणून शीर्षासन नाही, सर्वांगासन नाही, आणि डोके हृदयाच्या खाली जाईल असे कोणतेही आसन नाही, कारण त्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतो. खांद्यासाठी भिंतीला टेकून ताडासन, हात जेथपर्यंत जाईल तेथपर्यंतच. आणि मांडी घालताना गुडघे वर राहत असतील तर बैठकीखाली घडी घातलेले घोंगडे घ्यावे.

हे घोंगडे, ही भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, यांचा आधार घेण्याची अनेकांना लाज वाटते. कृपया वाटू देऊ नका. पुण्यात 1937 मध्ये शिकवायला आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी असे आधार देऊनच वृद्धांना आणि आजारी माणसांना आसनांत नेले, आणि ते स्वतः बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी पोखरलेले होते. दुखणे असणाऱ्याला योगाचे दार बंद नसते. दुखणे लपवणाऱ्याला मात्र शिक्षक योग्य वाट दाखवू शकत नाहीत. म्हणून पुन्हा सांगते: पहिले आसन करण्यापूर्वी आपले दुखणे शिक्षकांना सांगा. बोलता येत नसेल तर लिहून द्या. गरोदर असाल, पाठीची चकती सरकलेली असेल, हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, फिट येत असेल, वर्षभरात कोणतीही शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते त्या कागदावर सर्वांत वर लिहा.

शिक्षक कसे निवडावेत, असेही मला विचारले जाते. ते कोठे आणि किती काळ शिकले, हे विनयाने विचारावे. सांताक्रूझच्या योग संस्थेसारखी 1918 पासून चालत आलेली संस्था आपल्याच राज्यात आहे, त्यामुळे नीट शिकलेले शिक्षक आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. पण मी स्वतः एकच परीक्षा लावते. जे शिक्षक पहिल्या दिवशी तुम्हाला बाजूला घेऊन विचारतात आणि ऐकलेले वहीत लिहितात, त्यांच्याकडे जावे. जेथे पहिल्याच सकाळी मोठ्या आवाजात संगीत लावून शंभर जणांकडून एकच आसन करवून घेतले जाते, तेथे नवख्याने थांबावे असे मला वाटत नाही.

अण्णांच्या पत्रानंतर बाईंनीही आपली रीत बदलली. त्या दिवसापासून त्यांनी सभामंडपात “कुणाला काही त्रास?” असे विचारणे बंद केले आणि प्रत्येक नव्या माणसाला एक कोरा कागद देऊन सांगू लागल्या की हा घरी नेऊन भरा, दुमडून माझ्याच हातात द्या. कितीतरी जणांचे कागद दोन्ही बाजूंनी भरून येतात, असे त्यांनी मला एकदा सांगितले.

अण्णांच्या पत्राच्या अखेरच्या घडीवर, जेथे फारशी जागा उरलेली नसते तेथे, त्यांनी बारीक अक्षरात विचारले होते: “शवासनात झोप लागते. चालेल काय?” बाईंनी लिहिले होते की सुरुवातीच्या महिन्यांत लागली तर लागू द्यावी, मात्र उठताना घाई करू नये. आधी हातापायांची बोटे हलवावीत, गुडघे दुमडावेत, उजव्या कुशीवर वळून चार-पाच श्वास तसेच राहावे, मग हातांचा रेटा देऊन उठून बसावे आणि बसल्यावरच डोळे उघडावेत, कारण रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. अण्णा त्यानंतर अकरा वर्षे त्या वर्गाला गेले. दुपारी पडून उठतानाही ते याच रीतीने उठत, आणि ते उजव्या कुशीवर वळले की स्वयंपाकघरात आई चहाचे आधण ठेवी.