हजार मैलांची तयारी पलंगावर होते

माईक नको, मागच्यांना ऐकू येऊन राहिलं न? बरं. दरवर्षी व्याख्यानाला पुढच्या खुर्च्यांवर म्हातारे अन् पोट्टे बाहेर पानठेल्यावर, आज विषय बाइकचा म्हणून उलटं झालं, चांगलं आहे.

तर तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर ते चोवीस तासवालं पाहिलंच असेल. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन म्हणून आहे, 24 तासांत 1000 मैल, म्हणजे 1610 किलोमीटर चालवले अन् पुरावे दिले की ते सर्टिफिकेट देतात, सॅडलसोर म्हणतात त्याला. त्याच्या पुढे 36 तासांत 1500 मैलवालं आहे. आता माझ्याकडे जो पोट्टा येतो तो पहिले विचारतो, भाऊ गाडी कोणती घेऊ? आजपर्यंत एकानंही विचारलं नाही की भाऊ आदल्या आठवड्यात झोपू किती. अन् खरी तयारी तीच आहे.

आधी हिशोब करू. आपल्या चारपदरी हायवेवर टू-व्हीलरला 80 ची लिमिट आहे. 1610 भागिले 80, झाले वीस तास, तेही मध्ये कुठंच ब्रेक न लावता. तसं होत नाही न बाप्पा, गावं लागतात, डायव्हर्जन लागतं, हैदराबादच्या बाहेरचा जो मोठा रिंग रोड आहे त्याच्या मेन रोडवर बाइकला बंदी, सर्व्हिस रोडनं नाहीतर शहरातून जा. म्हणजे चालत्या गाडीचा ॲव्हरेज 74 पडला तरी लय झालं, अन् त्यात पावणेबावीस तास गेले. उरले सव्वादोन. दर दोन तासांनी गाडीवरून उतरायचंच असं धरलं तर दहा वेळा उतराल, प्रत्येक वेळी दहा मिनिटं म्हणजे पावणेदोन तास, जमलं. तेच चहा, फोटो, स्टेटस टाकत पंचवीस मिनिटं केली तर चार तासांच्या वर, मग ते भरून काढायला माणूस 110 नी हाणतो अन् तिथंच मरतो. त्यामुळं घरीच प्रॅक्टिस करा, स्टँड लावला, टाकी, पावती, पाणी, लघवी, दोन घास, चेनला तेल, निघाले. हसू नका, घड्याळ लावून करा.

गाडीचं थोडक्यात सांगतो. साधी स्प्लेंडर घ्या, टाकी 9.8 लिटरची, 80 वर ॲव्हरेज पडून 50 जरी दिला तरी साडेचारशे जाते, म्हणजे पेट्रोलचे हॉल्ट फार नाही. अडचण ही की त्या इंजिनला 80 म्हणजे जवळजवळ सगळी ताकद लावणं झालं, ओव्हरटेकला काही शिल्लक राहत नाही. टायरची हवा थंड टायरवर, सकाळीच पाहायची. नवीन टायर, नवीन सीट, नवीन हेल्मेट त्याच दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही, हजारेक किलोमीटर आधी चालवून घ्या. सर्व्हिसिंगही आदल्या दिवशी नको, आठ दिवस आधी, म्हणजे मेकॅनिकनं काही ढिलं सोडलं असेल तर इथंच कळते.

आता झोप. चार सेकंद डोळा लागला तर 80 च्या स्पीडला गाडी जवळजवळ नव्वद मीटर जाते, झोपेत. अन् हे पहाटे दोन ते पाचच्या मध्ये होते, तुम्ही कितीही तरणेबांड असा, शरीराचं घड्याळच तसं आहे. म्हणून आठवडाभर आधीपासून रोज आठ तास झोपा, शेवटचे तीन दिवस संध्याकाळी सातलाच पडायची सवय लावा अन् पहाटे तीनला निघा, म्हणजे दुसऱ्या पहाटे अडीचच्या सुमारास परत येता, थकल्यावर तो टाइम फार लागत नाही. चहा-कॉफीच्या भरवशावर राहू नका, ती लागू पडायला अर्धा तास लागतो अन् झोपेची उधारी काही फेडत नाही. जांभई आली, आत्ताच गेलेला पूल आठवत नाही, की पंपावर गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हा. वेळ गेला तर गेला.

सीझन कोणता? उन्हाळा विसरा. आपल्याकडे 45 च्या वर गेलं की हवा अंगापेक्षा गरम, मग वारा थंड करत नाही, भट्टीसारखा भाजतो, अन् घाम निघाल्या निघाल्या वाळते म्हणून पाणी किती गेलं हे कळतच नाही. आपले म्हातारे काहून दुपट्टा बांधतात ते उगाच नाही. हिवाळा बरा, पण तोच कापसाचा सीझन. पहाटे जिनिंगकडे निघालेली कापसाची बंडी, ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, काही तर राँग साइडनं. त्यात रोही, म्हणजे नीलगाय, अन् रानडुक्कर. रोही एक दिसला की मागे दुसरा असतोच, हॉर्न वाजवू नका, स्पीड कमी करा. अंधारात हेडलाइट जेवढं दाखवते तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, बस.

रस्ता आपला घरचाच, 44 नंबरचा नॅशनल हायवे. पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडली, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, पुढे आंध्र संपून कर्नाटक लागते तिथं बागेपल्ली, साधारण आठशेवीस किलोमीटर, अन् तिथून वापस. समृद्धीचं कोणी मनात आणू नका, तिथं टू-व्हीलरला बंदी आहे.

(मागून एकानं विचारलं, पुरावा कसा द्यायचा?) चांगलं विचारलं. आपल्याला टोल नाही, म्हणून टोलची पावतीही नाही, पेट्रोलचं बिलच पुरावा. त्यावर तारीख, टाइम, गाव बरोबर छापलं का ते तिथंच पाहा, काही पंपांच्या मशीनचं घड्याळ भलतंच असते. तो कागद गरमीनं पुसट होते, म्हणून मीटरजवळ धरून फोटो काढा. निघताना अन् पोचल्यावर ओळखीच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या.

(जेवण?) सावजी परत आल्यावर. जाताना केळी, भाकर, दही, अन् मीठ-साखरेचं पाणी घोटघोट.

पहिल्याच झटक्यात 1610 करू नका. आधी हैदराबाद जाऊन वापस, सातशे किलोमीटर, एका दिवसात. त्यानंतर दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन काम करता आलं तर पुढचं बोलू. अन् शेवटचं बिल घ्यायचा पंप आधीच ठरवा, तिथं भावाला, नाहीतर मित्राला बोलवून ठेवा. बिल हातात आलं की किल्ली त्याच्याकडे, तुम्ही मागे बसा. चला, अजून कोणाचं काही?