एक प्रिंटर, तीन संगणक प्रणाली

विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तीन यंत्रं एका घरात असली की पहिला मोह होतो तो प्रिंटर एका यंत्राला जोडून बाकीच्यांना शेअर करायचा. वायरच्या प्रिंटरला दुसरा इलाज नव्हता. वायफाय प्रिंटरच्या बाबतीत मात्र ते टाळा. मधलं यंत्र झोपलं की सगळ्यांची छपाई अडते, आणि विंडोजवरचा शेअर मॅकवर घेताना पासवर्ड नि ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) दोन्ही छळतात. प्रत्येक यंत्राला प्रिंटरशी थेट बोलू द्या.

त्यांची सामाईक बोली आहे आयपीपी, म्हणजे इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल. तिचा पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायच्या दाराचा क्रमांक, ६३१. ॲपलनं २०१० साली आणलेली एअरप्रिंट ही बिनतारी छपाईची सोय याच बोलीवर उभी आहे. म्हणून घरात ॲपलची एकही वस्तू नसली तरी प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंटची खूण बघाच. ती असली की कंपनीच्या ड्रायव्हरवाचून तिन्हीकडे साधी छपाई बहुतेक वेळा होऊन जाते.

आता पत्ता. राउटर प्रिंटरला दर वेळी वेगळा आयपी पत्ता (जाळ्यावर यंत्राला ओळखायचा आकडा) देऊ शकतो, आणि ‘काल चालत होता, आज ऑफलाइन’ या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायच्या विभागात ॲड्रेस रिझर्व्हेशन असतं. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) टाकून एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०, आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.

मग जोडणी. विंडोज ११ मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधून ‘ॲड मॅन्युअली’वर जा, आयपी पत्त्याचा पर्याय घ्या आणि प्रकार ‘आयपीपी डिव्हाइस’ निवडा. आपोआप सापडलेला प्रिंटर घेतला असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स हा टॅब बघा. डब्ल्यूएसडीनं (विंडोजची आपोआप प्रिंटर शोधायची पद्धत) सुरू होणारं पोर्ट दिसलं आणि प्रिंटर सारखा ऑफलाइन जात असला, तर तो काढून पत्त्यानं नव्यानं जोडा. मॅकवर प्रिंटर जोडायच्या खिडकीत पृथ्वीगोलाच्या चिन्हावर पत्ता टाकायचा आणि प्रोटोकॉल एअरप्रिंट ठेवायचा. लिनक्सवर प्रिंटर बहुधा आपणहून दिसतो. नाही दिसला तर ब्राउझरमध्ये localhost:631 असं टाकून कप्सचं, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेचं, पान उघडा, आयपीपी निवडा, ipp://192.168.1.50/ipp/print असा पूर्ण पत्ता लिहा, आणि मॉडेल म्हणून ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ (कंपनीच्या ड्रायव्हरवाचून चालणारा पर्याय) घ्या.

एवढं करूनही प्रिंटर दिसत नसेल तर दोष बहुधा राउटरकडे. आपल्याकडे फायबरवाल्यानं दिलेली पेटी असते आणि तिच्या पुढे आपला स्वतःचा राउटर. दोन्ही वायफाय सोडतात, म्हणजे घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. प्रिंटर ‘मी इथे आहे’ अशी हाळी एमडीएनएस या पद्धतीनं आपल्या जाळ्यात देतो, पण ती राउटर ओलांडत नाही. प्रिंटर फायबरच्या पेटीवर आणि लॅपटॉप आतल्या राउटरवर असेल तर यादीत काही येत नाही, पण पत्ता टाकून छपाई होते. उलट असेल तर तेही होत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (वेगळं जाळं न करता नुसतं वायफाय पसरवायचं काम) टाका, दोन्ही जाळी एक होतात. गेस्ट वायफायवर प्रिंटर ठेवू नका, आणि ‘एपी आयसोलेशन’ (वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू न देणारं सेटिंग) चालू असेल तर बंद करा. पुष्कळ स्वस्त प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. लॅपटॉप ५ वर असला तरी बिघडत नाही, जाळं एकच असलं म्हणजे झालं.

राहिला कागद. छपाई पाठवली, प्रिंटर जागा झाला आणि दिवा लुकलुकत थांबला, तर त्या यंत्रावर कागदाचा आकार लेटर (अमेरिकेतला नेहमीचा आकार) आहे का बघा. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-४ मात्र २१० बाय २९७. ट्रेमध्ये ए-४ असताना प्रिंटर लेटरची वाट बघत बसतो. हा आकार प्रत्येक यंत्रावर वेगळा बदलावा लागतो, आणि काही प्रिंटरांत त्यांच्या स्वतःच्या मेन्यूतही.