ओल्या सुताची शेड

सर्वांना नमस्कार.

पडद्यामागे टेनर सॅक्सोफोनची पत्ती ओठांत धरून ओली करत बसली आहे, ती माझी भाची. भावाची मुलगी. वय 23, शिक्षण जॅझचं, जन्म सोलापूरचा. तिचं वादन ऐकण्याआधी तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असावी, म्हणून मंडळाकडून मी ही पाच मिनिटं मागून घेतली.

तिला आवाज दिसतात. रंगांत.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. गल्लीत रात्रंदिवस यंत्रमागांची खडखड. ती सहा वर्षांची असेल, मी सुट्टीला गेले होते. एका रात्री वीज गेली, सगळे माग एकदम थांबले आणि ही झोपेतून उठून बसली. म्हणाली, "आत्या, विटकरी कुठं गेलं?" आम्ही सगळे हसलो. पुढे गड्ड्याच्या जत्रेत हलगी ऐकून ती "पिवळं, पिवळं" म्हणत नाचायची, तेव्हाही हसलो. मग एकदा शाळेत तिनं घंटेचा रंग सांगितला आणि घरी चिठ्ठी आली, मुलगी खोटं बोलते म्हणून. त्यानंतर तिनं रंगांचं नावच काढलं नाही. आम्ही मोठी माणसं तेव्हा तिच्या बाजूनं उभी राहिलो नाही, हे मला आजही टोचतं.

विश्वास ठेवला तो एकट्या आप्पांनी. माझ्या वडिलांची हयात चादरीच्या कारखान्यात, डाइंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्यात गेली. नखांच्या कडा कायम निळ्या. त्यांनी तिला खरं-खोटं विचारलंच नाही. विचारलं ते असं: "विटकरी म्हणजे कुठला गं? लालाकडचा, की तपकिरीकडचा?" आणि सुताच्या नमुन्यांचं बाड समोर ठेवलं. तिनं बोट ठेवलं. आप्पांनी एका वहीत लिहिलं, 'माग', आणि शेजारी तो धागा चिकटवला. मग हलगी, सनई, कुकरची शिट्टी, रेल्वेचा भोंगा. दहा वर्षांनी वही झाकून त्यांनी तेच आवाज पुन्हा विचारले. तिनं बाडातून तेच धागे काढले.

या प्रकाराला सिनेस्थेशिया म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तो आजार नाही. मेंदूत एका जाणिवेबरोबर दुसरी आपसूक जागी होते आणि पुष्कळदा एकाच घराण्यात अशी दोघं-तिघं सापडतात. संशोधकही तेच विचारून काही काळानं पुन्हा विचारतात, उत्तरं जुळतात का पाहतात. आप्पांनी वहीत केलं ते याहून वेगळं काय होतं?

मात्र एकाचे रंग दुसऱ्याशी जुळतीलच असं नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि स्क्रियाबिन हे दोघे रशियन संगीतकार. सी मेजर ही सुरांची पट्टी पहिल्याला पांढरी, दुसऱ्याला लाल. डी मेजर मात्र दोघांनाही पिवळी! स्क्रियाबिननं तर 1910 साली पूर्ण केलेल्या 'प्रोमिथियस' या वाद्यवृंदाच्या रचनेत रंगीत प्रकाशासाठी स्वरलिपीची वेगळी ओळच लिहिली. आपल्याकडे 'राग' शब्दातच 'रंज्' आहे, रंगवणं. 'नारदीय शिक्षा' या जुन्या ग्रंथात सातही स्वरांना रंग दिलेत: गांधार सोन्याचा, पंचम काळा, निषादात सगळेच. भाचीला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "पण आत्या, सा कुठल्या पट्टीत धरलाय, त्यावर माझा रंग बदलतो."

सॅक्सोफोन तिला भेटला तो लग्नाच्या वरातीत. बँडवाल्यांचा, चिंध्यांनी बांधलेला, एक बटण रबरबँडनं ओढून धरलेलं. वाद्य पितळेचं, पण आवाज बोरूच्या पत्तीचा. अडॉल्फ साक्सनं 1846 साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते असंच दोन जातींचं आहे. तिच्या सांगण्याप्रमाणे इतर वाद्यांचा एकेक रंग, याचा मात्र फुंकरीगणिक सरकतो. म्हणूनच ती जॅझकडे ओढली गेली असणार. तिथे वाजवता वाजवता सूर शोधायचा असतो. पुढचा सूर कुठला घ्यायचा हे अडलं, की ती मनात समोर उरलेल्या रंगाशेजारी काय शोभेल ते बघते आणि बोटं तिकडे नेते. कधी चुकतं. चुकलेला सूर सोडून न देता ती तो पुन्हा, लांबवून वाजवते.

हे तिनं आप्पांकडून घेतलं. ते म्हणायचे, "ओल्या सुतावर शेड ठरवू नये. ओलं सूत गडदच दिसतं. वाळू दे, मग बघ." लड्या बांबूवर टाकून ते वाट पाहत बसायचे.

काल तालमीला मंडळाच्या मुलांनी हौसेनं रंगीत दिवे लावले होते. तिनं हात जोडून ते काढायला सांगितले, कारण तिच्या डोळ्यांसमोर आधीच पुष्कळ काही चाललेलं असतं. मुलांनो, रागावू नका. आज साधे पांढरे दिवेच आहेत.

पहिली रचना आप्पांच्या डाइंगची. ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिनं ती बांधली. टेनरच्या अगदी खालच्या, भिजलेल्या सुरानं सुरू होते आणि मग बराच वेळ ती फारसं काही करत नाही, तोच सूर धरून ठेवते. तो वाळेपर्यंत थांबा.

ये गं.