पाणघोड्याची कातडी आणि मारा नदी

[दृश्य: केनिया, मारा नदीचा डोह. पाण्यावर फक्त कान, डोळे, नाकपुड्या.]

पाणघोडे दिवसभर असे पाण्यात पडून असतात, कारण त्यांची कातडी उन्हात टिकत नाही. पाठीवर ती पाच सेंटिमीटरपर्यंत जाड भरते, पण सगळ्यात वरचा थर अगदी पातळ. त्यातून माणसाच्या कातडीपेक्षा कितीतरी पट पाणी उडून जातं. भर दुपारी काठावर अडकलेल्या पाणघोड्याची कातडी सुकते आणि तिला भेगा पडतात.

[दृश्य: मान, अगदी जवळून. तांबूस थेंब.]

हे थेंब पाहून लोकांना पूर्वापार वाटत आलं की पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो. नीट पाहा. कातडीतल्या ग्रंथींमधून आधी रंगहीन, चिकट द्रव पाझरतो. काही मिनिटांत तो लाल होतो, मग तपकिरी पडतो. २००४ साली जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्यातली दोन रंगद्रव्यं ओळखली, एक लाल आणि एक नारिंगी. दोन्ही अतिनील किरण शोषून घेतात. लाल रंगद्रव्य जिवाणूंची वाढही रोखतं. ज्याच्या अंगावर सुळ्यांच्या जखमा असतात आणि जो घाण पाण्यात राहतो, त्याला याहून कामाचं दुसरं काय असणार!

इतकं पाण्यात राहूनही त्याला पोहता येत नाही. भरीव, जड हाडांमुळे तो तळाशी जातो आणि तिथेच पाय रेटत, उसळ्या घेत पुढे सरकतो. दर तीन-पाच मिनिटांनी श्वासासाठी वर येतो, झोपेतसुद्धा.

[दृश्य: रात्र. नदीकाठचं कुरण.]

अंधार पडला की कळप चरायला बाहेर पडतो. गवत खुडायचं ते रुंद ओठांनी, सुळे भांडणासाठी. एका रात्रीत चाळीसेक किलो गवत पोटात जातं. पोटाला तीन कप्पे आहेत, पण रवंथ नाही. आणि आजच्या प्राण्यांत त्याचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे देवमासे!

[दृश्य: पहाट. कळप पाण्यात शिरतो.]

खाल्लेल्या गवताची लीद पडते ती बरीचशी नदीत. माराच्या केनियातल्या पट्ट्यात चार हजारांवर पाणघोडे आहेत आणि ते रोज सुमारे ३६ हजार किलो लीद नदीत सोडतात. गवतात सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं संयुग, असते. डायॲटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाला कवच बांधायला तीच लागते. २०१९ च्या एका अभ्यासानुसार, मारातून वाहणाऱ्या सिलिकॉनपैकी जवळपास तीन चतुर्थांश वाटा पाणघोड्यांमुळे येतो.

नदी भरून वाहते तेव्हा हे खत चांगलं पांगतं. पाणी ओसरलं की लीद डोहाच्या तळाशी साचते आणि ती कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग वर कुठे जोराचा पाऊस झाला की तळाचं ते काळं पाणी एकदम खाली लोटलं जातं आणि मासे गुदमरून मरतात. उगमाकडचं माऊचं जंगल तुटतंय, शेतीसाठी उपसा वाढतोय. धार जितकी बारीक होईल, तितकी लीद डोहात जास्त दिवस पडून राहील.