बर्फावरची उलटी रेघ

मंडळी, आधीच सांगते, मी खेळाडू नाही. बँकेत तीस वर्षं काढली आणि 51व्या वर्षी फिगर स्केटिंग शिकायला, म्हणजे पाती लावलेले बूट घालून, बर्फावर उभी राहिले, तेही भाचीच्या लेकीला सोबत म्हणून. ती पोर चार महिन्यांत कंटाळली. मी राहिले. बाहेर मे महिन्याचा घाम आणि पिशवीत स्वेटर घेऊन लोकलने निघालेली मी. शेजारणीला वाटायचं, ही लोणावळ्याला चालली. स्पर्धेची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, जास्तीत जास्त 60 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद असते. आमची तिच्या पासंगालाही पुरायची नाही. पण एका पायावर मागे घसरत जायला जागा फार लागत नाही, आणि आज मी बोलणार आहे ते तेवढ्यावरच.

घरी विचारलं गेलंच, "एवढंसंच?" हो, एवढंसंच. पण टीव्हीवर ज्या उड्या बघून आपण तोंडात बोट घालतो, त्यांच्या मुख्य प्रकारांतली ॲक्सेल तेवढी पुढे तोंड करून घेतात, बाकीच्या पाच मागे जाता जाता. उतरताना मात्र सगळ्या सारख्या: एका पायावर, मागे जात, पात्याच्या बाहेरच्या धारेवर. 2022 मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिनने स्पर्धेत पहिल्यांदा हवेत साडेचार गिरक्यांची ॲक्सेल घेतली. तोसुद्धा शेवटी उतरला तो असाच. उडी मला या जन्मी यायची नाही. उतरणं तरी यावं, एवढाच माझा हट्ट.

आता पातं बघू. लोकांना वाटतं ते सुरीसारखं असेल. तसं नसतं. पात्याच्या तळाला पन्हळीसारखी उथळ खाच असते, त्यामुळे त्याला दोन धारा मिळतात, एक आतली, एक बाहेरची. लांबीतही ते सपाट नसतं, पाळण्याच्या कमानीसारखं किंचित गोलसर असतं. आणि पुढच्या टोकाला दाते. विळीवर नारळाची खवणी असते ना, तिचीच बहीण म्हणा.

सगळी गंमत त्या कमानीत आहे. पुढे जाताना वजन तळव्याच्या मध्यापासून जरा टाचेकडे ठेवायचं. मागे जाताना ते चवड्यावर आणायचं. पण चवड्यावर म्हणजे बोटांवर नव्हे! एक बोटभर पुढे गेलात की खवणी बर्फाला लागते, खर्रर्र आवाज येतो आणि आहे तो वेग संपतो. टाचेवर राहिलात तर आवाज नाही, काही नाही. पाय पुढून निघून जातात आणि तुम्ही पाठीवर. म्हणून शिकवणारी आधी पडायला शिकवते: गुडघे वाकवा, एका कुशीवर बसा, हनुवटी छातीला लावा, डोकं आपटू देऊ नका. हेल्मेटची लाज माझ्या वयात तर मुळीच नको.

आमची शिकवणारी तेवीस वर्षांची. दोन महिने मला दोन्ही पायांवर मागे नेलं. टाचा बाहेर, मग आत, परत बाहेर, बर्फावर जणू लिंबं काढत जायची. तेवढ्याने वेग येतो. मग म्हणाली, उजव्या पायावर राहा. मी लगेच डावा उचलला आणि उजवीकडे राहण्याऐवजी धाडकन डावीकडेच टेकले. पुन्हा तेच. दहादा तेच. शेवटी ती म्हणाली, "काकू, पाय उचलू नका हो. उजव्यावर जाऊन उभ्या राहा. डाव्याला काम उरलं नाही की तो आपोआप सुटेल."

हे मला रिंकवर कळलं नाही, कळलं ते लोकलमध्ये. संध्याकाळच्या गर्दीत दारापाशी कुणीतरी पाय ठेवायच्या जागी पिशवी सरकवतं. तेव्हा आपण पाय उचलतो का? कंबर दुसऱ्या पायावर गेलेली असते, गुडघा नकळत वाकलेला असतो, खांदे सरळ, आणि पाय आधीच रिकामा झालेला असतो. दादर ते अंधेरी मी कित्येक वर्षं हेच करत होते, बर्फाविना! घरी मग ओट्याला एक बोट टेकवून सराव केला, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर. भात एकदा करपला, ते जाऊ द्या.

पुढच्या शनिवारी ते जमलं. फार नाही, माझ्या उंचीएवढं असेल. मी टाळ्यांची वाट बघत होते, शिकवणारी बर्फावर वाकली होती. "बघा," म्हणाली. दोन बारीक रेघा, ट्रामच्या रुळांसारख्या. म्हणजे पातं सपाट गेलं, दोन्ही धारांवर. एका धारेवर गेलं असतं तर एकच रेघ उमटली असती, थोडी वळत गेलेली. आणि रेघांच्या मध्ये मध्ये ओरखडे, ते खवणीचे. मी काय केलं ते मला आठवत नव्हतं, बर्फाला सगळं आठवत होतं. 1990 पर्यंत जागतिक स्पर्धांतही अशा रेघांना गुण होते. खेळाडू आठाच्या आकृत्या काढायचे आणि परीक्षक बर्फावर वाकून त्या तपासायचे. आमच्या शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. टीव्हीला ते कंटाळवाणं वाटायचं, म्हणून गेलं म्हणतात. मला विचाराल तर खेळातला तोच भाग बघायला मी तिकीट काढलं असतं.

एकच रेघ यायला आणखी पाच महिने गेले, तीही उजव्या पायाची. डावा अजून ट्रामच काढतोय. प्रश्न असतील तर विचारा, फक्त इथे व्यासपीठावर करून दाखवा म्हणू नका.