गहू सोडण्याआधी रक्त तपासा: पोटाच्या न सुटणाऱ्या तक्रारी आणि ग्लूटेन

राम राम मंडळी. जेवण झालं की पोट डब्ब होतं, गुबारा धरतो, कधी पातळ संडास तर कधी दोन दिवस साफच होत नाही. सोनोग्राफी केली तर रिपोर्ट नॉर्मल. मग कुणीतरी सांगतं, गहू बंद करून बघ. खान्देशात हे पथ्य अगदी सोपं. ज्वारीची, बाजरीची, कळण्याची भाकरी घरात असतेच. पोळी बंद होते, आठवड्याभरात थोडं हलकं वाटतं आणि महिना-दोन महिन्यांनी माणूस डॉक्टरांना म्हणतो, आता ग्लूटेनची टेस्ट करा.

इथेच घोळ होतो. ही टेस्ट गहू खाणाऱ्या माणसासाठी आहे.

सिलिअ‍ॅक नावाच्या आजारात गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतल्या ग्लूटेन नावाच्या चिकट प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. रक्तात अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीची खास प्रथिनं, तयार होतात आणि टेस्टमध्ये त्याच मोजतात. पोळी बंद झाली की अँटिबॉडी हळूहळू उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. मग आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आपल्याकडे हे पथ्य न करताही घडू शकतं, कारण हिवाळाभर कित्येक घरांत बाजरीची भाकरीच चालते. फेब्रुवारीत टेस्ट करायला गेलात तर आधी आठवा, गेल्या दीड महिन्यात पोळी किती वेळा खाल्ली?

अजून गहू सोडला नसेल तर सोडू नका. सोडला असेल तर डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरू करा: रोज २ मध्यम पोळ्या, एक सकाळच्या आणि एक संध्याकाळच्या जेवणात, निदान ६ आठवडे. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे दोन पोळ्या पुरतात, रोज बट्ट्या हाणायची गरज नाही. त्रास फारच वाढला तर डॉक्टरांना कळवा, टेस्ट लवकर करता येते. मात्र गहू खाल्ल्यावर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, श्वास लागत असेल, तर हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. ती गव्हाची अ‍ॅलर्जी असू शकते. तिची तपासणी वेगळी.

(स्क्रीनवर: टीटीजी आयजीए + टोटल आयजीए)

चिठ्ठीवर ही दोन नावं हवीत. आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार. टीटीजी आयजीए म्हणजे त्यातली सिलिअ‍ॅकमध्ये वाढणारी अँटिबॉडी, टोटल आयजीए म्हणजे रक्तातलं एकूण आयजीए. नुसतं टीटीजी आयजीए का पुरत नाही? काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं. त्यांचा टीटीजी आयजीए आजार असला तरी निगेटिव्ह येऊ शकतो. टोटल आयजीए खूप कमी निघालं तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची टीटीजी किंवा डीजीपी टेस्ट करतात. उपाशी राहायची गरज नाही. नमुना बऱ्याचदा पुण्या-मुंबईला जातो, तेव्हा रिपोर्टला दोन-चार दिवस धरा.

जाहिरातीतल्या त्या 'शंभर-दोनशे पदार्थांच्या' फूड इन्टॉलरन्स टेस्टवर पैसे घालवू नका. त्यातही आयजीजी मोजतात, पण खाद्यपदार्थांविरुद्धचं. ते वाढलेलं दिसणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, एवढंच. आमच्या मते ही टेस्ट माणसाला उगाच तांदूळ, दूध, वांगं सगळं सोडायला लावते.

टीटीजी वाढलेला आला तर पुढची पायरी दुर्बिणीची, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याचे छोटे तुकडे तपासायला घेण्याची. आणि दुर्बीण होईपर्यंतही पोळी चालूच. आपल्याकडे दुर्बीण बहुतेक वेळा अ‍ॅसिडिटीसाठी होते, जठर बघून बाहेर येतात. म्हणून आधीच सांगा की सिलिअ‍ॅकसाठी तुकडे हवेत. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून, म्हणजे बल्बमधून, १-२ आणि त्याच्या पुढच्या भागातून किमान ४. खराबी सलग नसते, जागोजागी असते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर आजार निसटतो. लहान मुलांमध्ये टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या १० पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही वेगळी अँटिबॉडी टेस्टही पॉझिटिव्ह आली, तर बालरोगतज्ज्ञ दुर्बिणीशिवाय निदान करू शकतात.

एचएलए डीक्यू२, डीक्यू८ ही जनुकांची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. ही जनुकं कित्येक ठणठणीत माणसांत असतात. ती निगेटिव्ह आली तर मात्र सिलिअ‍ॅक जवळपास बाद होतो. गहू पुन्हा सुरू करणं ज्यांना झेपतच नाही, त्यांना तिचा खरा उपयोग.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. सिलिअ‍ॅकला जुलाब व्हायलाच हवेत असं नाही. महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, मुलाची उंची अडली आहे, हाडं ठिसूळ निघाली, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात, अशा वेळीही टीटीजी करून घ्यावा. पण नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा पट्ट्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी झालीच पाहिजे. भिल्ल आणि पावरा समाजात तो आजार आढळतो आणि त्यात लोहाच्या गोळ्या डोळे झाकून चालू ठेवणं बरं नव्हे.

टीटीजी, आयजीए दोन्ही ठीक, पोळीही चालू होती, तरी पोट बिघडतंच. मग? शौचाची तपासणी करा, जिआर्डियासारखे जंतू महिनोन्‌महिने त्रास देतात. थायरॉइड बघा. दूध दोन आठवडे पूर्ण बंद करा, चहातलंसुद्धा. फरक पडला तर दुधातली साखर पचत नसावी. वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतो, शौचातून रक्त जातं, पोटदुखीनं झोपमोड होते, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदलली, तर घरगुती प्रयोग बंद. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सरळ तिथे दाखवा. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही सापडतो.

आता वरण-बट्टीकडे येऊ. 'बट्टी खाल्ली की त्रास होतो, म्हणजे मला ग्लूटेन चालत नाही,' हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या ताटात काय काय असतं? गव्हाची जाडसर भरड, तिच्यात थोडा मका, वर तुरीचं वरण, तुपाची धार, शेजारी कांदा-लसूण घातलेली वांग्याची भाजी. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टान नावाचं कर्बोदक असतं, डाळीतही त्याच्या जातीचं दुसरं असतं. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि गॅस धरतो. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी सिलिअ‍ॅक नसलेल्या, पण स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या ५९ जणांना आळीपाळीनं ग्लूटेनचा, फ्रुक्टानचा आणि दोन्ही नसलेला साधा बार खायला दिला, कशात काय आहे ते न सांगता. त्रास जास्त झाला तो फ्रुक्टाननं. म्हणून वहीत लिहा: भाकरीबरोबर लसणाचा ठेचा आणि कच्चा कांदा खाल्ल्यावरही पोट फुगतं का? फुगत असेल तर संशय गव्हाच्या ग्लूटेनवर कमी.

सिलिअ‍ॅक आणि अ‍ॅलर्जी दोन्ही बाद झाल्यावरच ६ आठवडे गहू सोडून बघा आणि नंतर पुन्हा सुरू करा. सोडल्यावर बरं आणि सुरू केल्यावर पुन्हा त्रास, असं दोन्ही झालं तरच ग्लूटेनच्या संवेदनशीलतेचा विचार होतो. तिच्यासाठी रक्ताची वेगळी टेस्ट नाही.

आणि सिलिअ‍ॅक पक्का झाला तर पथ्य कायमचं आणि काटेकोर. मैदा सोडला पण रवा, दलिया, शेवया चालू, ही नेहमीची चूक. सगळा गहूच आहे तो. खपली गहूही गहूच, कितीही पौष्टिक म्हणून विको. कुरडईत फक्त चीक असतो म्हणून ती चालेल असं वाटतं, पण घरच्या चिकात ग्लूटेन उरतंच. ज्वारीचे बिबडे मात्र चालतात, पीठ शुद्ध असेल तर. आणि पीठ अशुद्ध होतं ते गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच चक्कीत तुमची ज्वारी पडते. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू दळूच नका. डबाबंद हिंगात बरेचदा मैदा मिसळलेला असतो, घटक वाचा. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' असेल तर कायद्यानं किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

सहा महिन्यांनी आणि वर्षानं टीटीजी पुन्हा करा. आकडा उतरत नसेल तर सगळ्यात आधी स्वयंपाकघर तपासा: पोळ्या लाटायचं पोळपाट, तळणाचं तेल, मिसळणाचा डबा. आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही टीटीजी करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी.